वाड्यासाठी ट्रस्ट काढतेयस, तर आधी हे वाच

अगं, मेसेज वाचला. गावातला जुना वाडा जपण्यासाठी ट्रस्टला द्यायला त्याच्या वारसांपैकी बरेच जण तयार झालेत, गावातली पोरं श्रमदानाला येतायत, तुला पुढच्याच महिन्यात ट्रस्ट रजिस्टर करायचाय, वाचून खरंच खूप बरं वाटलं. पण तू जो ट्रस्ट डीडचा (ट्रस्टचा उद्देश आणि नियम लिहिलेल्या दस्ताचा) नमुना पाठवलायस त्यावर सही करू नकोस, कारण त्यात उद्देश म्हणून 'शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व वैद्यकीय कार्य करणे' असं लिहिलंय आणि वाड्याचं नावसुद्धा नाही.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, त्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जागा विकायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. लोकांना वाटतं झालं, वाडा सुरक्षित. पण ती परवानगी देताना बघतात ट्रस्टचं हित. उद्देश शिक्षण असेल तर उद्याचे विश्वस्त म्हणणार की पडका वाडा बिल्डरला देऊन त्या पैशात शाळा बांधू, यात ट्रस्टचं हितच आहे, आणि कागदावर ते चूकही ठरणार नाही. म्हणून पहिलाच उद्देश असा लिही की या सिटी सर्व्हे नंबरवरचा हा वाडा, त्याचं लाकूडकाम, चौक, विहीर, आहे तसं जतन करणं आणि लोकांना बघायला खुलं ठेवणं. मग वाडा विकणं म्हणजे ट्रस्टचा उद्देशच मोडणं होतं, आणि विरोध करणाऱ्याच्या हातात काहीतरी ठोस राहतं. इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था १८९५ ला निघाली, पुढच्या वर्षी त्यांनी आल्फ्रिस्टनचं जुनं घर १० पौंडांत घेतलं, पण खरी ताकद १९०७ च्या कायद्याने आली, त्याने काही मालमत्ता कायमच्या न विकता येण्यासारख्या जाहीर करता आल्या. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून डीडमधल्या शब्दांवरच भिस्त ठेवायची.

दुसरं म्हणजे मालकी. 'बरेच जण तयार' याला काही अर्थ नाही गं, प्रॉपर्टी कार्डावर (सिटी सर्व्हेच्या मालकीच्या उताऱ्यावर) ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाचं रजिस्टर्ड बक्षीसपत्र हवं, परदेशातल्यांची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी हवी, आणि पुढच्या खोल्यांत जे जुने भाडेकरू आहेत त्यांच्याशी आत्ताच बोल, त्यांना भीती वाटतेय की ट्रस्ट आला की आपण रस्त्यावर, आणि ती भीती रास्त आहे. एखादा वारस बक्षीसपत्र द्यायला अडूनच बसला तर सगळ्यांच्या सह्यांचा लांब मुदतीचा रजिस्टर्ड भाडेपट्टा करून काम सुरू करता येतं का ते वकिलाला विचार, पण अर्धवट मालकीवर लोकांकडून देणगी गोळा करू नकोस. जवळ पुरातत्त्व खात्याचं केंद्रीय संरक्षित स्मारक आहे का तेही बघून घे, त्याच्या १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

विश्वस्त निवडताना सगळे एकाच भावकीतले नकोत, तहहयात तर कोणीच नको, पाच वर्षांची मुदत घाल. एक जण जुन्या इमारतींचं काम केलेला आर्किटेक्ट असू दे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) जायलाच हवा, किती तरी चांगले ट्रस्ट फक्त यामुळे लटकलेत, परिशिष्टावर (ट्रस्टच्या सरकारी नोंदीवर) वारलेल्या माणसांची नावं आणि कामं करणारे भलतेच.

पैशांचं थोडक्यात. आयकर कायद्यात ऐतिहासिक वास्तूंचं जतन हे धर्मादाय काम धरलंय, त्यामुळे करसवलतीची नोंदणी मिळू शकते. सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या) यादीतही हे काम बसतं, पण कंपन्यांना ट्रस्टचं साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, म्हणजे सुरुवातीची वर्षं गावाच्याच पैशावर काढायची आहेत. तेवढ्यात मोठं काही काढूच नकोस. दर पावसाळ्याआधी शाकारणी (कौलारू छप्पर नीट लावून घेणं), फुटकी कौलं बदलणं, पन्हळी साफ, भिंतीतली पिंपळाची रोपं मुळासकट काढणं, वाळवीवर लक्ष, एवढं नियमित केलंत तरी वाडा उभा राहील. आणि कोणी दानशूर माणूस सिमेंटची पोती घेऊन आला तर त्याला हात जोडून सांग की चुना दे, कारण जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल आतच अडकते आणि वीट भुगा व्हायला लागते, तुळयांची टोकं कुजतात, हे मी खूप वाड्यांत पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय.

उद्या सिटी सर्व्हे ऑफिसला जाऊन प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढ आणि मला फोटो पाठव, म्हणजे नावं बघून डीडचा मसुदा आपण दोघं मिळून बसून लिहू, रविवारी मी मोकळा आहे.