सामाईक इरादा आणि सामाईक उद्दिष्ट

खून व दंग्याबद्दल झालेल्या शिक्षेविरुद्धच्या अपिलांच्या बातम्यांत कधी ‘समान इरादा’ तर कधी ‘समान उद्दिष्ट’ छापले जाते. हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाचे मानावेत का, अशी विचारणा झाली आहे. ते तसे मानू नयेत, कारण अपिलाचा निकाल कित्येकदा याच फरकावर लागतो.

फिर्यादीतील ठरलेली भाषा अशी असते: ‘आरोपींनी गैरकायद्याची मंडळी जमवून’. ही मंडळी म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम 141 मधील, पाच किंवा अधिक व्यक्तींचा बेकायदेशीर जमाव. या जमावाचे उद्दिष्ट साधताना एकाने खून केला, किंवा तसा खून होण्याचा संभव इतरांना ठाऊक होता, तर स्वतः वार न करणारा सदस्यही ‘कलम 302 सह 149’ (302 खुनाचे, 149 सामाईक उद्दिष्टाचे) खाली दोषी ठरतो. कलम 34 मधील सामाईक इराद्याला दोन आरोपी असले तरी पुरते. मात्र तेथे आरोपींचे आपसांत ठरले होते, मग ते ऐनवेळी का असेना, आणि प्रत्येकाचा कृत्यात सहभाग होता, हे सिद्ध करावे लागते. म्हणूनच पाचांपैकी तिघे अपिलात निर्दोष सुटले आणि जमावात आणखी कोणी असल्याचा पुरावा नसला, तर उरलेल्या दोघांवरील 149 टिकत नाही. 34 लावायचे तर इराद्याचा पुरावा लागतो.

माझा आक्षेप ‘समान’ या शब्दाला आहे. समान म्हणजे सारखा, आणि दोन माणसांचे इरादे एकमेकांना न कळताही सारखे असू शकतात. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1945 मध्ये महबूब शाह खटल्यात नेमका हाच भेद केला आणि सारखा इरादा पुरेसा न मानता खुनाची दोषसिद्धी रद्द केली. सातबाऱ्यावरची सामाईक विहीर जशी दोघांची मिळून एकच असते, तसा हा इरादा एकच असावा लागतो. तेव्हा ‘सामाईक’ हाच शब्द योग्य.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उद्दिष्ट कलम 190 मध्ये आणि इरादा कलम 3(5) मध्ये आला आहे. भेद तोच राहिला आहे. बातमीदार दोन्हींसाठी सर्रास ‘संगनमताने’ लिहितात, पण त्या शब्दात आधी ठरवून केल्याचा अर्थ असल्यामुळे जमावाच्या प्रकरणात तो टाळावा.