सिंगापूरमध्ये पीआर असलेल्या कुटुंबातील मुलाची राष्ट्रीय सेवेतील दोन वर्षे वाया जातात का?

आपण विचारले आहे की, आपण उभयता सिंगापूरमध्ये पीआर, म्हणजे नागरिकत्व न घेतलेले कायमचे रहिवासी, आहात, मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याची पीआरही आपल्यामुळेच झालेली आहे, आणि राष्ट्रीय सेवेत, म्हणजे येथील सक्तीच्या लष्करी सेवेत, त्याची दोन वर्षे वाया जातील की काय अशी आपल्याला चिंता वाटते. शिवाय तो शाकाहारी आहे, तेव्हा त्याच्या जेवणाचे काय, हाही आपला प्रश्न आहे. हा प्रश्न मी लहानपणापासून आमच्या घरच्या दिवाणखान्यात ऐकत आलो आहे, आणि तो विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. मी येथे जन्मलो, येथील सरकारी शाळेत शिकलो, सेवा पुरी केली आणि आज येथला नागरिक आहे. त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

वडिलांचे एक स्नेही दरवर्षी आमच्या गणपतीला जेवायला येत आणि मसाला दूध हातात आले की हिशेब मांडत. दोन वर्षे सेवेत गेली म्हणजे पदवी दोन वर्षे उशिरा, म्हणून नोकरीही दोन वर्षे उशिरा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी जो सर्वांत मोठा पगार मिळायचा तो दोन वर्षांनी कमी, आणि त्यावरचे चक्रवाढ व्याज वेगळे. बेरीज ऐकून काकू-मावश्या हळहळत. त्यानंतर त्यांचे ठरलेले वाक्य येई : "आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या देशासाठी खड्डे का खणायचे?" त्यांनी स्वतःच्या मुलाची पीआर वेळेत सोडली, त्याला ऑस्ट्रेलियात शिकायला पाठवले, आणि स्वतः मात्र येथेच राहिले. माझे वडील त्यांच्यापुढे कधी बोलले नाहीत, आणि मी तेव्हा पोरसवदा असल्यामुळे मला बोलण्याचा अधिकार नव्हता.

खड्डे मी खणले आहेत. पुलाऊ टेकॉंग या बेटावर मूलभूत प्रशिक्षण होते आणि त्यात काही दिवस रानात मुक्काम असतो. तेथे प्रत्येकाने आपले शरीर आडवे मावेल एवढा खड्डा घडीच्या फावड्याने खणायचा असतो. वरची वीतभर माती सहज सुटते. खाली तांबडी चिकणमाती लागली की ती फावड्याच्या पात्याला अशी चिकटते की प्रत्येक घावानंतर बुटाच्या टाचेने ती खरवडून काढावी लागते. आमचे खड्डे पुरे होत आले तेव्हा पाऊस आला आणि ते भरले. या बेटावर पूर्वी गावे होती आणि शेवटचे रहिवासी 1987 मध्ये तेथून हलवले गेले. ज्या सरकारने सरावाच्या जमिनीसाठी गावेच्या गावे उठवली, ते कोणाच्या मुलाच्या पदवीसाठी थांबेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

त्याच मुक्कामात गोळी नसलेल्या, नुसता आवाज करणाऱ्या काडतुसांचा सराव झाला. सराव संपला की उडवलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागते आणि आपल्याजवळ काडतूस किंवा पुंगळी उरलेली नाही असे प्रत्येकाला मोठ्याने जाहीर करावे लागते. त्या संध्याकाळी एक पुंगळी कमी भरली. सार्जंटने सगळ्यांना एका ओळीत गुडघ्यांवर बसवले आणि कमरेइतक्या वाढलेल्या लालांग गवतात हाताने चाचपत पुढे सरकायला लावले. ओळ टोकाला पोहोचली की वळायचे आणि पुन्हा तेच. गवताच्या पात्यांनी मनगटे चिरली जात होती आणि अंधार पडत होता.

माझ्या उजवीकडे माझा बडी होता. प्रत्येक भरती झालेल्या मुलाला असा एक जोडीदार नेमून दिलेला असतो. हा यिशून या सिंगापुरातल्या वस्तीतला चिनी मुलगा होता, घरी होक्किएन ही चिनी बोली बोलणारा. त्याच्या वडिलांची हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाद्यपदार्थांच्या बाजारात, नूडल्सची गाडी होती आणि भरती होईपर्यंत पहाटेची सगळी तयारी तोच करीत असे. गवत चाचपताना त्याने मला विचारले की सेवा संपल्यावर मी काय करणार. विद्यापीठात प्रवेश मिळालेला आहे, असे मी सांगितले. तो थोडा वेळ सरकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुझी जागा दोन वर्षे कोणीतरी राखून ठेवणार." त्याच्या गाडीवर त्याची जागा कोणी राखून ठेवणार नव्हते, तेथे पगारी माणूस ठेवला होता आणि त्याचा पगार माझ्या बडीला मिळणाऱ्या भत्त्यापेक्षा जास्त होता. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आणि म्हणूनच मला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. आमच्या गणपतीच्या पंगतीतल्या हिशेबात हा माणूस कधीच आला नव्हता.

पुंगळी अखेर सापडली ती आमच्यातल्याच एकाच्या कमरेच्या पिशवीत, आणि शोधताना सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. सगळ्यांना जोर काढावे लागले. रात्री उशिरा जेवण मिळाले.

आता आपला प्रश्न. होय, त्या दोन वर्षांतला बराच वेळ वाया जातो. धावत जाऊन रांगेत उभे राहायचे आणि तास तास थांबायचे, हा सेवेतला खरा दिनक्रम आहे. बंदूक साफ करून शस्त्रागारात परत देण्याच्या रांगेत मी जेवढा उभा राहिलो, तेवढा उभ्या आयुष्यात कोठे राहिलो नसेन. कारण तुम्ही कितीही घासली तरी तपासणारा बोल्टच्या खाचेत बोट फिरवतो, काजळी दाखवतो आणि परत पाठवतो. प्रशिक्षणानंतर मला कोठारात नेमले आणि तेथे मी ताडपत्र्या व पाण्याचे कॅन मोजले. सेवेमुळे मुलगा शिस्तीचा होतो, हे पालकांनी स्वतःच्या समाधानासाठी रचलेले आहे. शनिवारी घरी येऊन बूट दारात फेकून दुपारपर्यंत झोपणारे कितीतरी मला ठाऊक आहेत आणि त्यांत मीही होतो.

परंतु हिशेबच मांडायचा असेल, तर जमेची बाजूही मांडावी. पीआरच्या मुलाला सरकारी शाळेत परदेशी विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी कमी शुल्क पडते, पीआर कुटुंबाला पुनर्विक्रीचे एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचे, घर घेता येते, मालक सीपीएफ या भविष्यनिर्वाह निधीत भर घालतो. ही रक्कम त्या स्नेह्यांनी एकदाही बेरजेत धरली नाही. आणि 'दुसऱ्याचा देश' म्हणायचे, तर ऑगस्ट 1967 मध्ये जी पहिली सुमारे नऊशे मुले पूर्णवेळ सेवेत भरती झाली, त्यांतल्या कितीतरी जणांचे आईवडील किंवा आजेआजोबा चीनहून, भारतातून, मलायातून आलेले होते, आणि हे राष्ट्र स्वतः दोन वर्षांचे होते. तेव्हा जर प्रत्येकाने आपली मुले 'दुसऱ्याच्या देशातून' काढून घेतली असती, तर त्या स्नेह्यांना बँकेत नोकरी द्यायला येथे बँकच उरली नसती.

जेवणाची चिंता सोडावी. आधी कळवले की शाकाहारी जेवण वेगळे मिळते, रानातल्या मुक्कामाच्या पाकिटांतही शाकाहारी प्रकार असतो. भरतीच्या दिवशी पालकांना बोटीने बेटावर नेतात आणि मुलाबरोबर जेवूही घालतात. माझ्या आईने तेथली डाळ चाखून "फोडणीच नाही हो" एवढेच म्हटले. भाजीची चव कशीही असो, भूक अशी लागते की ताट स्वच्छ होते.

काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. मी लढाऊ तुकडीत नव्हतो. पायदळात किंवा कमांडोंत गेलेल्या मुलाचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे असू शकते. 2018 आणि 2019 मध्ये सरावात मृत्यू झाले, जानेवारी 2019 मध्ये सैन्यदलाने सरावाचे प्रमाण कमी करून सुरक्षेची तपासणी केली. तेव्हा धोका नाही असे मी म्हणणार नाही. मुलाला दमा, पाठीचा त्रास किंवा मनाचा काही आजार असेल, तर तो वैद्यकीय तपासणीत लपवू नये, मुलाला कोणते काम द्यायचे याची श्रेणी त्यावरून ठरते. दोन वर्षांनी सगळे संपते असेही नाही. त्यानंतर राखीव दलातली बोलावणी येतात आणि शारीरिक क्षमतेची अट दरवर्षी पुरी करावी लागते. सेवा न करता पीआर सोडली, तर पुढे येथे शिकण्याच्या, नोकरीच्या किंवा पुन्हा पीआर मागण्याच्या अर्जावर त्याचा प्रतिकूल परिणाम होतो, हे सरकारने स्पष्ट सांगितले आहे. आणि पीआर न सोडता नुसते गैरहजर राहिल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुलाला बाहेर पाठवायचे ठरले तर बेलाशक पाठवावे, तो आपला अधिकार आहे. फक्त मग आपण स्वतःही येथली पीआर सोडावी. सवलती आपण ठेवायच्या आणि खड्डे यिशूनच्या मुलाने खणायचे, हे मला मान्य नाही, आणि हे मी त्या स्नेह्यांना येत्या गणपतीत, वडिलांसमोर, सांगणार आहे.