केवळ तर्काने ईश्वर सिद्ध होतो का?

प्रश्न : जगाकडे न पाहता निव्वळ तर्काने ईश्वर सिद्ध करणारा एक पाश्चात्त्य युक्तिवाद असून कांट या जर्मन तत्त्वज्ञाने तो कायमचा निकालात काढला, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

उत्तर : असा युक्तिवाद आहे, कांटविषयीचे विधान मात्र अर्धेच खरे आहे.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बेक येथील मठात अन्सेल्म या ख्रिस्ती भिक्षूने तो १०७७-७८ च्या सुमारास आपल्या ग्रंथात मांडला. ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही, तो ईश्वर. नास्तिकालाही ही कल्पना समजते, म्हणजे ती त्याच्या मनात असते. परंतु ईश्वर केवळ मनातच असेल, तर तोच प्रत्यक्षातही आहे असे कल्पिता येईल, ते अधिक श्रेष्ठ ठरेल आणि वदतोव्याघात, म्हणजे आपल्याच म्हणण्याशी विसंगती, होईल. (न्यायदर्शनाचे आचार्य उदयनाचार्य यांचे ‘कार्यावरून कर्ता’ हे अनुमान याहून वेगळे, कारण ते जगापासूनच सुरू होते.)

गोनिलो या समकालीन भिक्षूने लगेच विचारले, की याच रीतीने सर्वोत्कृष्ट बेटही सिद्ध होईल, त्याचे काय? हा आक्षेप आणि त्यावरील आपले उत्तर ग्रंथाच्या पुढील प्रतींना जोडावे, अशी इच्छा स्वतः अन्सेल्मनेच व्यक्त केली. प्रतिपक्षाला असा मान देणारे ग्रंथकार थोडेच. तरीही, गोनिलोमुळे काहीतरी चुकते आहे एवढेच कळते, नेमके कोठे ते कळत नाही.

ते दाखवण्याचा प्रयत्न कांटने १७८१ मध्ये केला. ‘असणे’ हे वस्तूच्या वर्णनात भर घालणारे विधेयच नव्हे. शंभर खऱ्या थालरांच्या (थालर हे जुने जर्मन चांदीचे नाणे) संकल्पनेत शंभर काल्पनिक थालरांहून एकही नाणे अधिक नसते, फरक पडतो तो मालकाच्या सांपत्तिक स्थितीत. अस्तित्वाला पूर्णत्वाचा एक गुण मानणाऱ्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मांडणीवर हा घाव वर्मी बसतो.

परंतु विसाव्या शतकात नॉर्मन माल्कम आणि आल्विन प्लँटिंगा या तत्त्वज्ञांनी ‘असणे’ बाजूला ठेवून ‘नसणे अशक्य असणे’ हा गुण पुढे केला. असा ईश्वर नुसता शक्य असेल, तरी तो प्रत्येक शक्य जगात (जग जसे असू शकले असते अशा प्रत्येक रूपात), म्हणजे आपल्याही जगात, असलाच पाहिजे. शक्य आणि अनिवार्य यांचा विचार करणाऱ्या प्रकारतर्कशास्त्राच्या प्रचलित नियमांनुसार हे अनुमान निर्दोष आहे आणि कांटचा आक्षेप त्याला सरळ लागू पडत नाही. माझ्या मते खरी अडचण त्या ‘शक्य असेल’मध्ये आहे, कारण ‘असा ईश्वर नसणे शक्य आहे’ हे तितकेच निरुपद्रवी वाटणारे गृहीतक घेतले, तर त्याच नियमांनी ईश्वर अशक्य ठरतो. दोहोंपैकी कोणते स्वीकारावे, हे ते नियम सांगू शकत नाहीत. खुद्द प्लँटिंगानेही आपल्या युक्तिवादाने ईश्वर सिद्ध होतो असा दावा केला नाही. ईश्वर मानणे विवेकाला धरून आहे, एवढेच त्यातून दिसते, असे त्याचे म्हणणे होते.