कपाळावरची राख

चि. सई,

तुझा मेसेज वाचला. रूममेट बुधवारी, म्हणजे ख्रिश्चनांच्या ‘ॲश वेन्सडे’ला, कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन आली, आणि ‘आजी परीक्षेला जाताना अंगारा लावायची तसंच का हे?’ असं तू विचारलंस.

जागा तीच, काम उलटं. आजीचा अंगारा पोरीला दृष्ट लागू नये, पेपर नीट जावा म्हणून. चर्चमधली राख काही राखण करत नाही. ती लावताना बहुतेक वेळा पाद्री म्हणतात, ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळणार आहेस.’ बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देवाने आदामाला सुनावलेलं हे वाक्य. सणावारी कुणी नातीला असं बोललं असतं, तर आजीने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं! नातं लावायचंच तर शंकराच्या भस्माशी लाव. तेही स्मशानाची आठवण देतं.

दुसरा अर्थ पश्चात्तापाचा. निनवे शहर ४० दिवसांत उलथणार, असं बायबलमधला संदेष्टा योना सांगतो तेव्हा तिथला राजा राजवस्त्रं उतरवून राखेत बसतो. या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला त्या सणापर्यंतही, रविवार सोडून उपासाचे ४० दिवसच भरतात.

मला सगळ्यात आवडते ती राख करायची रीत. येशू यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन स्वागत केलं. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटतात. त्या वर्षभर सुकतात आणि पुढच्या वर्षी त्याच जाळून ही राख होते. जयजयकार करणाऱ्या त्याच शहराच्या वेशीबाहेर पाच दिवसांनी येशूला क्रुसावर चढवलं, हे लक्षात घे.

गंमत म्हणजे त्याच दिवशी चर्चमध्ये वाचतात, की उपास करताना तोंड धुवा, लोकांना दाखवत फिरू नका. म्हणून काहीजण बाहेर पडताच कपाळ पुसतात. इटलीत तर राख डोक्यावरच भुरभुरवतात. बऱ्याच प्रोटेस्टंट पंथांत ही प्रथा नाही. आणि हे सगळं गोऱ्यांचंच समजू नकोस. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना होते, तिथेही हा बुधवार पाळतात.

रूममेट कॅथलिक असेल तर ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी मांस खाणार नाही, आपल्याकडे श्रावणात सोडतात तसं. मासे मात्र चालतात. तेव्हा शुक्रवारी चिकन बिर्याणीचा बेत असेल तर तिच्यासाठी कोळंबीची कर.

बाबा