साठच्या दशकातल्या सपाट स्लॅबच्या घराचं पुढचं दार कोणत्या रंगाचं असावं? (मडगाव, भिंती पांढऱ्या, पोर्चला उघडा चिरा, म्हणजे गिलावा न केलेला जांभा दगड)

मोरपंखी. चिऱ्याचा तांबूसपणा शेजारी असताना लाल किंवा नारिंगी दार त्यात विरून जातं. मोरपंखी उठून दिसतो. दाराभोवती फक्त पांढरी भिंत असती तर गडद हळदी पिवळा सुचवला असता. दार साध्या सागवानी फळ्यांचं आणि रेषा चांगल्या असतील तर मात्र रंगवूच नका, पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा.

दार पश्चिमेला असेल तर काळपट छटा टाळा. दुपारच्या उन्हात ती फार तापते, लाकूड वाकतं, रंगाला फोड येतात.

छटा कार्डावरून ठरवू नका. दोन फुटी प्लायवर रंगवून सकाळी आणि संध्याकाळी दारापाशी उभी करून पाहा. फिनिश सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं घ्या. सपाट दारावर ग्लॉसी रंगात प्रत्येक उंचसखलपणा दिसतो.

काम डिसेंबर-जानेवारीत काढा. ओलसर लाकडावर दिलेला रंग पुढे सुटतोच. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लाकडाचा प्रायमर, खिळ्यांच्या भोकांत पुट्टी, मग २२० नंबर, त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस. सात बाय साडेतीन फुटी दाराच्या दोन्ही बाजूंना एक लिटर साधारण पुरतो.

दार बिजागऱ्यांवरून उतरवूनच रंगवा. खालची कड बहुतेक रंगारी कोरी सोडतात, तिथूनच पावसाळ्यात पाणी शोषलं जातं आणि जुलैत दार चौकटीत अडकतं.