ऑनलाइन शिकवणीत पटापट उत्तरं देणारा सातवीतला मुलगा शाळेत गप्प का बसतो?

तुमचा मुलगा संध्याकाळच्या ऑनलाइन शिकवणीत सगळ्यांच्या आधी बोलतो आणि शाळेत हातसुद्धा वर करत नाही, तर त्याचा आत्मविश्वास कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. माझं म्हणाल तर, शाळेतल्या गप्प बसण्याआधी त्याचं शिकवणीतलं बोलणं तपासून बघा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमचा वर्ग मोबाईलवर गेला. सातवीत एक मुलगी होती, वर्गात नाव विचारलं तरी मान खाली घालणारी. मोबाईलवर मात्र ‘ऋण गुणिले ऋण?’ म्हटलं की पहिला आवाज तिचा. मला कोण आनंद! एके दिवशी तिचा माइक चालूच राहिला आणि मागून आईचा दबका आवाज आला, ‘धन म्हण, धन.’

२७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. फळ्यावर (−३) × (−४) लिहून तिला बोलावलं. बारा तिने झटकन लिहिले, चिन्हापाशी खडू अडला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं.

आईला दोष देत नाही. तिने लेकीची लाजच वाचवली होती. पण सगळ्यांचंच असं नव्हतं. बोलताना अडखळणारा एक मुलगा त्या काळात रोज उत्तरं पाठवायचा, फक्त मला एकटीला. निम्मी चुकलेली असायची, पण हसायला कोणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायचा. त्याचा आत्मविश्वास मात्र अस्सल होता. आणि वर्गात सर्वांत बडबड्या पोरगा कित्येक महिने गायब. घरात फोन एकच, तोही वडिलांचा, आणि वडील घरी यायचे रात्री आठला. शाळेत परतला तो ‘बाई, मला गणित येतच नाही’ म्हणत.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेलं एक म्हणणं मला या अनुभवानंतर फार पटतं. ‘हे मला जमेल’ हा भरवसा त्या त्या कामापुरता असतो आणि तो सगळ्यात पक्का होतो स्वतः करून जमल्यावर. शाबासकीचा नंबर त्याच्या मागे. म्हणजे शिकवणीत आलेला भरवसा दप्तरात घालून शाळेत नेता येत नाही.

फक्त मला एकटीला उत्तर पाठवणाऱ्या त्या अडखळणाऱ्या मुलाकडून मी एक गोष्ट उचलली: पाट्या. प्रश्न विचारायचा, मिनिटभर कोणी बोलायचं नाही, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि एकदमच माझ्याकडे धरायचं. पहिल्या दिवशी आठवीची पोरं म्हणाली, ‘आम्ही काय पहिलीत आहोत का?’ आठवड्याभरात कुरकुर थांबली. ज्याचं उत्तर बरोबर असेल आणि जो कधी बोलत नाही, त्यालाच मग म्हणते, ‘तू वाचून दाखव.’ उत्तर बरोबर आहे हे त्याला आधीच कळलेलं असतं, त्यामुळे आवाज निघतो.

तुम्ही घरी एवढंच करा. शिकवणीतलंच एक गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायला द्या. अडकला तर प्रश्न गणिताचा आहे, आणि खरं सांगायचं तर तो सोपा प्रश्न आहे. सुटलं, तर तो वर्गात कोणाच्या हसण्याला घाबरतो ते हळूच काढून घ्या. सातवीत बहुतेक वेळा एक-दोनच नावं निघतात. मग त्याच्या बाईंना भेटा, पण एकट्याच. त्याला शेजारी उभा करून ‘हा वर्गात बोलतच नाही हो’ असं मात्र म्हणू नका.