पुण्याजवळ तीन एकरांत इंडस्ट्रियल हेम्प लावलं तर परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की सासवडच्या बाजूला तीन एकर आहेत, विहिरीला पाणी बरं आहे, हेम्पचे व्हिडिओ बघितलेत, आता परवाना कुठून काढायचा आणि एकरी किती सुटतील ते सांगा. माझं उत्तर: लावू नका. हेम्प म्हणजे भांग-गांजाचंच झाड, फक्त धाग्यासाठी आणि बियांसाठी लावलेलं. परवान्याचं खाली सांगतो. पण तुमचा प्रश्न वाचताना आमचा आप्पाच बोलतोय असं वाटलं, म्हणून आधी त्याचं सांगतो.

आप्पा माझा थोरला चुलतभाऊ. शेती पुरंदर तालुक्यात. अंजीर, सीताफळ, थोडा वाटाणा. काही वर्षांपूर्वी सातारा रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये एका कंपनीचा मेळावा होता. मी पुण्यात राहतो म्हणून तो मलाही घेऊन गेला. टेबलावर हेम्पचा शर्ट, साबण, बियांचं तेल, चुन्यात कालवून केलेली वीट. पडद्यावर कॅनडा आणि चीनची शेतं. पाणी लागत नाही, फवारणी नाही, चार महिन्यांत पीक, खरेदीची हमी आमची, तुम्ही फक्त बियाण्याचे पैसे आगाऊ भरा. मी उठून दोन प्रश्न विचारले. परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि तो दाखवता का? कापलेली झाडं कुजवायची कुठे, आणि वाख काढायचं यंत्र कुठे बसवलंय? पहिल्याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न त्या माणसाला कळलाच नाही.

आप्पाला तो कळायला हवा होता, कारण हेम्पसारखाच अंबाडीचा धागाही खोड कुजवून काढतात, आणि आम्ही दोघं अंबाडीतच वाढलो. बाजरीच्या कडेने अंबाडीचे तास असायचे. पावसाळा सरला की कापायची, पेंढ्या बांधून कऱ्हेच्या डोहात टाकायच्या, वर धोंडे ठेवायचे. साल सुटेपर्यंत ती तिथे कुजायची. त्या पाण्याचा वास अंगाचा जात नसे, डोहातले मासे मरून वर यायचे, आणि आमचे वडील नि काका कंबरभर पाण्यात उभे राहून एकेक काडी सोलायचे. मग वाख आपटून धुवायचा, वाळवायचा, आणि त्याचे नाडे, कासरे, दावी वळायची. मोटेचा नाडा आमच्या घरचा, विकत आणलेला नाही. वडील म्हणायचे, पेरायला बाई-पोर पुरतं, सोलायला माणूस लागतो. पुढे बाजारात नायलॉनचा दोर आला आणि बघता बघता अंबाडी भाजीपुरती उरली.

अंबाडीवर कुठल्याही सरकारने बंदी घातली नव्हती. तरी ती गेली. आप्पाशी माझं भांडण आजवर एवढ्याच मुद्द्यावर आहे.

मेळाव्यावरून येताना दिवे घाट चढेपर्यंत तो मला ऐकवत होता. हेम्प म्हणजे जगावर राज्य केलेलं पीक, अमेरिकेतल्या कागदवाल्यांनी आणि नायलॉनवाल्यांनी कारस्थान करून मारलं, आणि तू तसाच खोडा घालतोयस. यातलं काही खरं आहे. इंग्रजांचं आरमार हेम्पच्या दोरांवर आणि शिडांवर चालायचं, तो माल मुख्यतः रशियातून यायचा, आणि कंपनी सरकार त्याला पर्याय म्हणून हिंदुस्थानातला ताग (आपण हिरवळीच्या खताला पेरतो तो, ज्यूट नव्हे) अजमावत होतं. अमेरिकेने १९३७ मध्ये कर बसवून या पिकाचा गळा आवळला, हेही खरं. पण जपानने फिलिपिन्स घेतलं, तिथला मनिला दोर बंद झाला, तेव्हा त्याच अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये शेतकऱ्यांना हेम्प लावा म्हणून सिनेमा काढून सांगितलं. लावलंही. युद्ध संपलं तशी ती शेतं पुन्हा आटली. शिडाची जहाजं आधीच गेली होती, पोत्यांना बंगालचा ज्यूट स्वस्त पडत होता. कारस्थान नसतं तरी हिशेब हाच होता.

वेरूळचं मात्र आप्पा सांगतो ते मलाही अभिमानाचं वाटतं. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी ते २०१६ मध्ये मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाही, आणि तिथे किड्यांनी जास्त नासधूस केली. आपल्या कारागिरांना हे झाड चांगलं ठाऊक होतं. पण त्यावरून तीन एकरांचा ताळेबंद निघत नाही.

आप्पाने पैसे भरले. बी आलं नाही, पुढे फोनही लागेना. तो अजून म्हणतो, सरकारने परवाना दिला असता तर आपण कमावलं असतं.

आता कायदा. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम १४ आहे: फक्त धागा किंवा बी काढण्यासाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. ‘देऊ शकतं’, म्हणजे राज्याने आधी नियम करायला हवेत. उत्तराखंडाने केले आणि २०१८ मध्ये पहिला परवाना दिला, टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्याच्या आत ही अट. महाराष्ट्रात साध्या शेतकऱ्यासाठी अशी वाट नाही. परवान्याशिवाय लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ‘आमचं हेम्प आहे, गांजा नाही’ हे बांधावर उभं राहून पोलिसांना पटवता येत नाही, दोन्ही एकाच जातीचं झाड आहे.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट दिवसाच्या लांबीची. युरोपातलं कमी टीएचसीचं बी तिकडच्या पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांसाठी तयार केलेलं असतं. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. ते झाड इथे लवकर फुलोऱ्यावर येतं, खुजं राहतं, म्हणजे धागा गेला. देशी बी उंच वाढेल, पण त्यात टीएचसीची मर्यादा पाळणं कठीण. शिवाय खोडात धागा साधारण पावभागच, बाकी सगळा लाकडी गाभा. तो गाभा विटांना चालतो, पण घेणारा कारखाना जवळ नसेल तर ट्रकचं भाडंच खाऊन टाकेल. आणि कुजवायला पाणी? मे महिन्यात आपल्याकडे टँकर येतो.

एक सांगायचं राहिलं. मी हेम्पच्या विरोधात नाही. कुमाऊँत त्याच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, आणि बी, तेल, पीठ खाण्यासाठी विकायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये परवानगी दिलीय. उद्या महाराष्ट्राने नियम केले, कृषी विद्यापीठाने इथलं बी दिलं आणि सोलाईचा कारखाना तालुक्यात आला, तर माझं मत वेगळं असेल. कारखाना आधी, पेरणी नंतर, हा क्रम आप्पाला अजून मान्य नाही.

तोवर कोणी बियाण्याचे आगाऊ पैसे मागितले तर परवान्याची प्रत मागा आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवून खात्री करा. रान रिकामं असेल तर पहिल्या पावसावर ताग पेरा आणि फुलावर आला की गाडून टाका, पुढच्या पिकाचा युरिया कमी होईल. बांधाला अंबाडी टाका. मंडईत तिच्या भाजीला अजून गिऱ्हाईक आहे.